निर्गुडी छापा, पण नीट छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत दुखण्यावर घरच्या कुंडीतली झाडं असं पानभर छापलंत, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा फोटो दिवसभर फिरत होता. निर्गुडी, रुई, एरंड, लसूण, सगळे एका रांगेत बसवलेत आणि प्रत्येकापुढे एकच, 'गुडघेदुखीवर गुणकारी'. अहो पण बांधायचं की प्यायचं, आणि किती वेळ?

मी हे लिहितेय कारण माझा गुडघा पोळलाय, शब्दशः. दोन वर्षांपूर्वी असंच कुठेतरी वाचून लसूण ठेचला, गुडघ्यावर फडक्यानं बांधला आणि झोपून गेले, सकाळी सोडलं तर हे टपोरे फोड! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काकू कच्चा लसूण कातडी भाजतो. मग आठ दिवस ड्रेसिंग, आणि मूळ दुखणं होतं तिथंच. रुईचंही तसंच, पान तोडताना चीक उडून डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते आणि एरंडाची बी तर विषारी, घरात नातवंडं असतील तर गॅलरीत एरंड लावूच नका.

निर्गुडीबद्दल मात्र माझं काही म्हणणं नाही, ती लावाच. माझं माहेर वाईकडचं, तिथं बांधाला निर्गुडी असायची कारण शेळ्यागुरं तिला तोंड लावत नाहीत. हळद काढून काढून बायकांच्या कमरा धरायच्या मग आजी पाला तव्यावर तिळाच्या तेलात नुसता कोमट करायची, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची आणि मग बांधायची, नाहीतर पाला उकळून त्या पाण्याचा शेक. बरं वाटतं, यात अर्धं काम शेकाचंच असेल असं मला वाटतं, पण असेना का. फक्त डायबेटिस असलेल्यांनी पायाला शेक जपून घ्यावा, पाय बधिर असला की चटका कळत नाही, आमच्या ह्यांना पाणी मीच हात घालून बघून देते. आणि गुडघा सुजून लाल झाला, ताप आला तर पालाबिला बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठायचा.

शास्त्रज्ञ माशेलकरांनी, जखमेवर हळद लावणं हा नवा शोध म्हणून अमेरिकेत दिलेलं पेटंट १९९७ साली रद्द करायला लावलं ते आठवतंय ना? तेव्हा जुन्या ग्रंथांत आणि जर्नलांत लिहून ठेवलेले पुरावे कामाला आले, 'आमची आजी करायची' एवढ्यावर भागलं नसतं. म्हणून म्हणते छापताय तर आजीची पूर्ण रीत छापा, मनगटाला लावून बघण्यासकट.

लावायचीही माहिती नव्हती म्हणून सांगते, पावसाळ्यात अंगठ्याएवढी जाड काडी मोठ्या कुंडीत खोचली की फुटते, ऊन भरपूर लागतं आणि छाटत राहावं लागतं नाहीतर वरच्या मजल्यावरचे भांडायला येतात. पानं तीन किंवा पाच एका देठाला, खालून पांढरट, चुरगळली की उग्र वास.

हो, आणि फोटो निर्गुडीचाच टाका, मागच्या वेळी तुम्ही छापलेला कढीपत्ता होता.

आपली,
एक जुनी वाचक, सातारा