थिजलेला मध भेसळीचा नव्हे

महोदय,
महाबळेश्वर तालुक्यात माझ्या सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या तीस पेट्या आहेत. गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने बाटली परत केली. 'तळाला साखर बसलीय, भेसळ आहे,' म्हणाले. ती बाटली माझ्या मेहुण्याची, मराठवाड्यातल्या सूर्यफुलावरची. त्या मधात ग्लुकोज ही साखर जास्त, म्हणून तो लवकर थिजतो, रवा धरतो. मोहरीचा तर काही आठवड्यांतच लोण्यासारखा घट्ट होतो. फ्रुक्टोज ही दुसरी साखर जास्त असलेला मध मात्र बराच काळ पातळ राहतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की रवा विरघळतो. गॅसवर उकळू नये, वास जातो.

आमच्याकडे जांभळाचा मध काळपट आणि किंचित कडवट लागतो. हिरड्याचा वेगळा. कारवीचं झुडूप सात-आठ वर्षांनी एकदा फुलतं, तेव्हाच्या दाट मधाची जुनी गिऱ्हाइकं वाट बघत असतात. पेटी तीच, माश्या त्याच. बदलतो तो फुलोरा. (माझी आई नुसत्या वासावरून फूल सांगायची. मला अजून जमत नाही.)

दुकानात मात्र वर्षभर एकाच रंगाचा, एकाच चवीचा मध लागतो. तो वेगवेगळे मध मिसळून, तापवून, गाळून होतो. गाळणी फार बारीक असली तर परागही निघून जातात, मग फूल ओळखायचं कशावरून? बाटलीवर फुलाचं नाव आणि काढणीचा महिना छापणं सक्तीचं करावं. आंब्याची जात विचारून घेणारे आपण, मधाचं फूल का विचारत नाही?

– एक मधपाळ, महाबळेश्वर तालुका