मुंगूस, डॉर्ड आणि लेडी माँडेग्रीन

वेंगुर्ले,
भाद्रपद

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

लेकीच्या शाळेच्या हस्तलिखितासाठी इंग्रजीतले गमतीदार शब्द सुचव म्हणालास. फोनवर चार शब्द सांगून भागलं असतं, पण हा विषय मला देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. आता पत्रच भोग.

आधी एक अट. तो फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन तिला घालू देऊ नकोस. निम्मा वर्ग तोच आणेल. २९ अक्षरं, आणि अर्थ काय, तर एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणे! त्याहून लांब, फुप्फुसाच्या रोगाचा ४५ अक्षरी शब्द आहे. तो १९३५ साली अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संस्थेत मुद्दाम लांबीसाठीच जुळवला गेला. लांबीत कसली आलीय गंमत? मला आवडतात ते कानाने नाहीतर लेखणीने दगा दिल्यामुळे जन्माला आलेले शब्द.

पहिला मान मुंगसाचा. इंग्रजीतला मंगूस हा आपल्या मराठी मुंगसावरूनच गेलेला. साहेबाच्या तोंडी पडल्यावर त्याच्या शेवटी उगाचच ‘गूस’ दिसायला लागला, म्हणजे हंस. मग पंचाईत अशी की एक गूस, अनेक गीस. तर दोन मुंगसं दिसली की काय म्हणायचं? कोश ‘मंगूसेस’ला पहिली पसंती देतात, पण ‘मंगीस’ म्हणणारेही आहेत. आज सकाळीच एक आमच्या गडग्यावर आलं होतं. चिऱ्यांच्या फटीत नाक खुपसलं, मागच्या पायांवर उभं राहून माझ्याकडे रोखून बघितलं, आणि माडाच्या आळ्यातून सरसर पलीकडे गेलं. हंसाचं एकही लक्षण मला दिसलं नाही.

बोंबलाला ‘बॉम्बे डक’ म्हणतात ते तुला ठाऊकच आहे. सुके बोंबील रेल्वेच्या डाकेतून जायचे म्हणून ते नाव पडलं, असं लोक छातीठोकपणे सांगतात. पण नाव रेल्वेच्या आधीपासून छापील सापडतं, आणि आपल्याकडे गाडी धावली १८५३ साली. तेव्हा ती गोष्ट लिहू नका.

आता माझा सगळ्यात लाडका शब्द: माँडेग्रीन. सिल्व्हिया राइट नावाची अमेरिकन लेखिका लहान असताना तिची आई तिला एक जुनं स्कॉटिश पोवाड्यासारखं गाणं वाचून दाखवायची. त्यात एका सरदाराला मारून ‘लेड हिम ऑन द ग्रीन’, म्हणजे हिरवळीवर टाकलं, असं आहे. पोरीने ऐकलं ‘लेडी माँडेग्रीन’. सरदाराबरोबर एक बाईही मेली असं समजून ती बिचारी हळहळत राहिली. मोठेपणी, १९५४ साली, तिने त्यावर लेख लिहिला आणि चुकीच्या ऐकलेल्या शब्दांना माँडेग्रीन हे नाव दिलं. आज ते कोशात आहे.

हे वाचलं तेव्हा मला आपल्या वाडीतल्या आरत्या आठवल्या. मृदंग आणि झांजांच्या दणक्यात कोणाला काय ऐकू येणार? ‘फणिवरबंधना’ची ‘फळीवर वंदना’ होते, ‘कुरवंड्या येती’च्या ‘सुरवंट्या येती’. मला तर लहानपणी सुरवंट ओळीने आरतीला आलेले डोळ्यांसमोर दिसायचे. या गणपतीत शेजारच्या मुंबईकर पोराने एका आजोबांना धीटपणे सांगितलं की शब्द फणिवर असा आहे. आजोबांनी टाळ खाली ठेवले, वाटीतली काळ्या वाटाण्याची उसळ संपवली आणि म्हणाले, “माझो बापूस असांच म्हणी, आता मी कित्याक बदलू?”

असल्या माणसालाही इंग्रजीत शब्द आहे बरं का! मम्प्सिमस. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सांगतात ती गोष्ट अशी: एक म्हातारा पाद्री लॅटिन प्रार्थनेत ‘सम्प्सिमस’ऐवजी वर्षानुवर्षं ‘मम्प्सिमस’ म्हणायचा. चूक दाखवली तर म्हणाला, तुमच्या नव्या सम्प्सिमसपायी माझा जुना मम्प्सिमस सोडणार नाही. चूक कळूनही न सोडणारा तो मम्प्सिमस. आजोबांना हे सांगायची माझी छाती झाली नाही.

लेखणीच्या दग्याचा नमुना म्हणजे डॉर्ड. वेबस्टरच्या १९३४ च्या थोरल्या कोशात हा शब्द होता, अर्थ: घनता. असा शब्दच नव्हता! घनतेसाठी मोठा डी किंवा छोटा डी वापरतात, म्हणजे ‘डी ऑर डी’, अशी चिठ्ठी रसायनशास्त्राच्या संपादकाने १९३१ साली पाठवली होती. ती संक्षेपांच्या ऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली आणि अक्षरं एकमेकांना चिकटून डॉर्ड झाला. १९३९ साली एका संपादकाला दिसलं की या शब्दाला व्युत्पत्तीच नाही, तेव्हा भांडं फुटलं. तरी बरं, सातबाऱ्यावर चुकून चढलेलं नाव उतरवायला आपल्याकडे दोन पिढ्या जातात.

अंपायरचीही तीच तऱ्हा. मूळ जुन्या फ्रेंचमधलं ‘नॉनपेर’, म्हणजे जोडीत न बसणारा, तिसरा. इंग्रजीत ‘अ नंपायर’ असं भरभर म्हणताना पहिला न मागच्या ‘अ’ला जाऊन चिकटला आणि ‘अॅन अंपायर’ उरला. एप्रनचा न असाच गेला. आपल्या नारिंगाचा न मात्र इंग्रजीत पोचण्याआधीच, युरोपातल्या वाटेवर गळला; म्हणून ऑरेंज. वाडीच्या टेनिस बॉलच्या सामन्यात अंपायर हमखास बॅटिंगवाल्यांचा चुलतभाऊ असतो, तेव्हा ‘तिसरा’ वगैरे अर्थ लेकीला सांगताना जरा जपून.

स्पेलिंगं वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडलीत. भात पोटरीला आलंय, पाऊस अजून जायचं नाव घेत नाही. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. दिवाळीत येताना चहा पावडर आण, इथली मला चालत नाही.

तुझा,
अण्णा