वाईच्या वायरमन काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

श्रेयनामावलीत तुमचं नाव घालायचं नाही, अशी शपथ घातलीत. ती पाळली. आभार मानायला मात्र तुम्ही मनाई केली नव्हती, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. वाईत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

आमची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. बऱ्याच वर्षांनी गावी परतलेला माणूस, एके रात्री आळीत झालेला खून, आणि त्या रात्री खुनाच्या जागी निळी स्कूटर पाहिली असं छातीठोक सांगणारा हाच एकटा साक्षीदार. त्याला ती आठवतेय की स्वप्नात दिसलीय, यावर सगळा डोलारा. पटकथा झाली होती, शेवट काही केल्या बसत नव्हता. तुमच्याकडे आलो ते फक्त सोडियमचे जुने दिवे कुठे मिळतील हे विचारायला. २०१५ साली केंद्राची एलईडी पथदिव्यांची योजना आली आणि गावोगावचे सोडियम खाली उतरू लागले. आता रामडोह आळी काय नि गंगापुरी काय, सगळीकडे पांढराफटक उजेड. आमच्या आठवणीतली वाईची रात्र मात्र पिवळी. हिंदी पिक्चरवाले येतात, घाट आणि मेणवली टिपून जातात. आळ्यांमधल्या रात्रीशी त्यांना फारसं घेणं-देणं नसतं.

सुपारी कातरता कातरता तुम्ही गोष्ट ऐकलीत आणि विचारलंत, "सोडियमखाली निळं कसं दिसलं रे त्याला?"

मी गप्पच झालो. त्या दिव्याच्या उजेडात निळा अंश इतका थोडा की निळी वस्तू काळपटच दिसते. हे पुस्तकातही सापडलं असतं. पण तुमची उभी हयात शिडीवर गेलेली. "बावधनच्या बगाडाला जाऊन आलेली पोरं रात्री स्वतःची गाडी ओळखायची नाहीत," हा तुमचा पुरावा. म्हणजे आमचा साक्षीदार एक तर खोटं बोलतोय, नाहीतर कुठल्याशा दुपारी पाहिलेली स्कूटर त्याच्या मनाने त्या रात्रीत नेऊन उभी केलीय. शेवट तिथेच सुटला. दिग्दर्शक म्हणून माझं नाव झळकतंय, पण पिक्चरचा कणा तुमचा आहे, हे एकदा सांगून टाकतो.

बाकीच्या मदतीची यादी तुम्हाला आवडायची नाही. भंगारवाल्याकडून १५० वॉटची फिटिंग निवडून आणलीत, चोक-इग्नायटर तपासलेत, बांबूवर दिवे चढवलेत, अर्थिंग नीट झाल्याशिवाय कुणाला हात लावू दिला नाहीत. पैशांचं पाकीट दोनदा परत केलंत, हे मला अजूनही पटलेलं नाही.

एक गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे. दिवा तापेपर्यंत शूटिंग थांबवायचं, असं आमचं ठरलेलं. तुम्ही कॅमेरामनला म्हणालात, "तापतानाच घ्या की." आधी मिणमिणता, जरासा गुलाबी-निळसर उजेड. मग एकदम रंग गिळून टाकणारा पिवळा. चार-पाच मिनिटांत भिंतीवर सोनेरी झाक. आमच्या पिक्चरमधलं स्वप्न आता असंच सुरू होतं, एकाच सलग शॉटमध्ये, संगणकाची कुठलीही करामत न करता. पुढे जनरेटर बंद पडला, दिवे गेले आणि आमची मंडळी आरडाओरडा करू लागली, तेव्हा तुम्ही खालूनच दटावलंत, "गरम बल्ब लगेच पेटत नसतो. चहा घ्या." सगळं युनिट निमूट टपरीकडे गेलं. माझं इतकं कुणी ऐकत नाही.

गावात खेळ लावायचं ठरलं की काकूंना घेऊन या. मारामारी फार नाही, त्यांना सांगा.

आणि हो, दोन चोक आणि एक फिटिंग अजून माझ्याकडेच आहे. परत आणून देऊ का? खरं सांगायचं तर ठेवून घ्यावी असं वाटतंय, पुढच्या पिक्चरलाही रात्र आहेच.

तुमचा,
पुण्याला पळालेला पोरगा