करंट क्लॅम्पवाल्या ताईंस

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीलाही पाठवता आलं असतं. पण जुन्या टर्बो गाडीत स्वतःच्या हातानं नवे कॉइल (प्लगला ठिणगीसाठी लागणारं मोठं व्होल्टेज तयार करणारे) बसवायला निघालेले बरेच जण आहेत, आणि त्यांच्या ओळखीत तुमच्यासारखं कुणी असेलच असं नाही. म्हणून सगळ्यांदेखत आभार मानतो. नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, तेव्हा नुसतं ताई.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. गाडी निसानची स्कायलाइन जीटी-आर, आर32, म्हणजे 1989 ते 1994 मधली पिढी. बॉनेटखाली आरबी26डीईटीटी: 2,568 सीसी, एका ओळीत सहा सिलिंडर, दोन टर्बो. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असतो, पण त्या कॉइलचा करंट चालू-बंद करणारा इग्नायटर वेगळ्या डबीत. तीस वर्षं इंजिनच्या डोक्यावर तापून कॉइलचं इन्सुलेशन थकतं, बारीक तडे जातात आणि बूस्ट, म्हणजे टर्बोनं आत कोंबलेल्या हवेचा दाब, चढला की गाडी अडखळायला लागते. आता रूढ झालेला उपाय म्हणजे 2007 मध्ये आलेल्या आर35 जीटी-आरचे कॉइल बसवायचे. त्यांच्या पोटातच इग्नायटर असतो, त्यामुळे जुनी डबी काढून टाकता येते. माझ्याकडे कॉइल आले होते, ब्रॅकेट आलं होतं, पानेही काढून ठेवले होते. तुम्ही आलात, बॉनेटखाली एक नजर टाकलीत आणि विचारलंत, "जुन्यांचं बिघडलंय काय, ते मोजलंय का?"

गाड्यांचं तुम्हाला काडीचंही वेड नाही, हे तुमचा भाऊ मला आधीच सांगून चुकला होता. तुमचं काम मोटर चालवणारे ड्राइव्ह दुरुस्त करायचं. पण कॉइलमध्ये करंट भरायचा आणि तो अचानक तोडायचा, हा तर तुमचा रोजचाच धंदा. गाडीतला कॉइल तुमच्यासाठी फक्त जरा तेलकट होता.

पहिलं काम तुम्ही मला दिलंत ते फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं. प्लगच्या टोकाची फट, म्हणजे गॅप, 1.1 मिमी होता (एनजीके प्लगच्या नंबराच्या शेवटी 11 असतं ते याचसाठी). तो 0.8 मिमीवर आणायला लावलात आणि गाडी चालवून बघ म्हणालात. अडखळणं थांबलं नाही, पण आधीपेक्षा वरच्या बूस्टला सुरू झालं. तेवढ्यावरून तुम्ही निदान केलंत. सिलिंडरमधली हवा जितकी जास्त दाबलेली, तितकं तिच्यातून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. गॅप कमी केला की ही मागणी उतरते. गॅपबरोबर दुखणं सरकलं, म्हणजे पेट्रोल किंवा सेन्सरपेक्षा संशय ठिणगीवरच घ्यायचा. इतक्या स्वस्तात इतकं सांगणारी दुसरी तपासणी मला तरी माहीत नाही, आणि लोक नेमकी हीच टाळून थेट पार्सल मागवतात.

मग मल्टिमीटर. इंजिन चालू ठेवून कॉइलच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजायला सांगितलंत. बॅटरीवर 14 व्होल्ट आणि कॉइलपर्यंत पोहोचेस्तोवर जवळजवळ दीड व्होल्ट गायब! जुनी बारीक वायर, जुनं इग्निशन स्विच, काळवंडलेले जोड, सगळ्यांनी वाटून खाल्लेलं. तिथेच तुम्ही पुठ्ठ्याच्या खोक्यावर गणित मांडलंत. कॉइलमधली ऊर्जा करंटच्या वर्गावर अवलंबून असते. तेवढ्याच वेळात व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर करंट साधारण दहा टक्के कमी भरतो आणि ऊर्जा मात्र जवळपास 19 टक्क्यांनी घटते. नवे कॉइल याच वायरवर लावले असते तर तेही उपाशीच राहिले असते.

म्हणून आधी रिले, म्हणजे थोड्या करंटनं मोठा करंट चालू करणारं स्विच. बॅटरीवरून फ्यूज घालून जाड वायर 30 नंबरच्या पिनला, 87 वरून कॉइलना पुरवठा, आणि जुनी इग्निशनची वायर फक्त 85-86 मधून रिले ओढण्यापुरती. जोड सगळे चांगल्या क्रिम्पचे, म्हणजे दाबून बसवलेले. सोल्डर केलेला जोड इंजिनच्या थरथरीत नेमका सोल्डरच्या कडेला तुटतो, हेही तुम्ही तुटकी वायर दाखवून पटवलंत. नुसत्या रिलेनं गाडी बरीच सुधारली. पूर्ण नाही, कारण दोन कॉइलना खरोखरच तडे होते. पण कुठल्या गोष्टीनं किती फरक पडला हे मला वेगवेगळं कळलं.

कॉइल बसवण्याचं काम मी यात धरतच नाही. ब्रॅकेटची उंची जुळली की कॉइलचा रबरी बूट प्लगवर पूर्ण बसतो, आत थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावायचं, झालं. आर35 च्या कॉइलला तीन वायरी: 12 व्होल्ट, अर्थ आणि ईसीयूकडून (इंजिन चालवणाऱ्या संगणकाकडून) येणारा सिग्नल. डबीत जाणारे ईसीयूचे सहा सिग्नल आता थेट कॉइलकडे गेले. फायरिंग ऑर्डर 1-5-3-6-2-4 ही ईसीयूची चिंता. आपण फक्त एक नंबरची वायर एक नंबरलाच जाते ना, हे मीटरनं वाजवून बघायचं.

खरी मजा त्यानंतर होती, आणि तुमचे आभार मानायचं मुख्य कारणही तेच. ईसीयू आफ्टरमार्केट, म्हणजे कंपनीचा मूळ नसून बाहेरचा, असल्यामुळे कॉइल किती वेळ भरायचा, म्हणजे ड्वेल, तो आकडा मलाच टाकायचा होता. जो तो वेगळा आकडा सांगतो आणि "जास्त दिला की ठिणगी तगडी" असं वर ऐकवतो. तुम्ही कुणाचंच ऐकलं नाहीत. ऑसिलोस्कोप (व्होल्टेज-करंटचा आलेख दाखवणारं यंत्र) काढलात, एका कॉइलच्या पुरवठ्याच्या वायरवर करंट क्लॅम्प, म्हणजे वायर न तोडता करंट मोजणारा चिमटा, अडकवलात आणि स्क्रीन माझ्याकडे वळवलीत. करंट सरळ रेषेत तिरका चढत होता. ड्वेल थोडा थोडा वाढवत गेलो तशी रेषा लांबत गेली, आणि एका जागी ती एकदम उभी होऊन वर पळाली. तिथे तुम्ही बोट ठेवलंत: गाभा तुडुंब भरला, आता पुढचा करंट ठिणगीत जात नाही, नुसता कॉइल तापवतो. आमच्या कॉइलना 14 व्होल्टला तीन मिलिसेकंदांच्या आसपास पुरेसं होतं. त्या बिंदूच्या जरा अलीकडे थांबायला लावलंत, कारण गरम इंजिनवरचा कॉइल थंड टेबलावरच्यासारखा वागत नाही.

वेळ पुरतो का, ही माझी शंकाही तुम्ही तोंडी भागाकारानं मिटवलीत. 8,000 आरपीएमला चार स्ट्रोकचं एक चक्र 15 मिलिसेकंदांत संपतं. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा कॉइल असल्यामुळे त्यातले तीन भरायला गेले तरी विश्रांतीला भरपूर उरतात. तेच डिस्ट्रिब्यूटर असता, तर एकाच कॉइलला सहाही सिलिंडर सांभाळायचे आणि दोन ठिणग्यांमध्ये अडीचच मिलिसेकंद. उलट स्टार्टर फिरताना बॅटरी दहा व्होल्टच्या खालीही घसरू शकते, तिथे ड्वेल वाढवावा लागतो. म्हणून एक आकडा न टाकता व्होल्टेजनुसार तक्ता भरायला बसवलंत.

सिग्नलच्या कडेचं सांगायलाच हवं, कारण यात नवे कोरे कॉइल जळतात. अशा कॉइलला सिग्नल वर गेला की करंट भरायला लागतो आणि सिग्नल खाली पडला की ठिणगी पडते. ईसीयूत हे उलटं निवडलं गेलं तर कॉइल जवळपास सगळा वेळ भरलेलाच राहतो आणि थोड्याच वेळात भाजून निघतो. शिवाय ठिणगीही भलत्याच वेळी. तुम्ही कॉइल जोडायच्या आधीच इंजेक्टरचे कनेक्टर काढून, नुसता स्टार्टर फिरवून, सहाही सिग्नल स्कोपवर पाहिलेत. त्यानंतर प्रत्येक कॉइलला अर्थ केलेला जुना प्लग लावून ठिणगी पाहिली. प्लगशिवाय कॉइल हवेत मोकळा उडवून बघायची काहींना हौस असते. व्होल्टेजला बाहेर पडायला वाट नसेल तर ते आतलं इन्सुलेशन फोडतं, हे तुमचं वाक्य मी गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवलंय.

आणि अर्थिंग. या इंजिनचा कॅम अँगल सेन्सर (कॅमशाफ्ट किती फिरला ते ईसीयूला सांगणारा) ऑप्टिकल असतो, त्याच्या चकतीवर 360 बारीक खाचा, म्हणजे कॅमच्या एका अंशाला एक. त्या वायरीत कॉइलचा खरखराट शिरला तर ईसीयूच्या मोजणीत भलतीच खाच येणार. तुम्ही सहाही कॉइलचे अर्थ सिलिंडर हेडवर एका बोल्टला आणलेत, सेन्सरचा अर्थ वेगळा ईसीयूकडेच ठेवलात, आणि दोन्ही हार्नेस (वायरींचे जुडगे) एकाच नळीत घालायची माझी सुबक कल्पना मोडीत काढलीत. खरखराट कमी राहावा म्हणून प्लगही रेझिस्टरचेच ठेवायला लावलेत. शेवटी टायमिंग लाइट लावून ईसीयूचा आकडा आणि पुलीवरची खूण जुळते का ते पाहिलं, तेव्हा कुठे इंजेक्टर जोडायची परवानगी मिळाली.

आता गाडी पूर्ण बूस्टला रेडलाइनपर्यंत एकसंध ओढते. ताकद किती वाढली, असं मित्र विचारतात. मी तुमचंच उत्तर देतो: कॉइलनं ताकद येत नाही, जी वाया जात होती ती जायची थांबते. त्यांना हे फारसं आवडत नाही.

तुम्ही मानधन घेतलं नाहीत आणि माझ्या गाडीत एक चक्कर मारायलाही तयार झाला नाहीत, त्यामुळे माझ्याकडे देण्यासारखं हे पत्रच आहे. ड्वेलचा तक्ता आणि स्कोपची चित्रं आपल्या ओळखीतल्या दुसऱ्या एका आर32 वाल्याला द्यायची आहेत. त्याचे कॉइल वेगळ्या गाडीचे आहेत, तेव्हा आकडे उचलू नकोस, पद्धत उचल, असं त्याला बजावलं आहे. तुमचा क्लॅम्प भावाकडे दिला आहे. त्याच्या जबड्याला लागलेलं ग्रीस पुसलंय, आणि आतली बॅटरी संपत आली होती म्हणून नवी घातली आहे.

कळावे, लोभ असावा.

तुमचा,
आर32 वाला