बाबांची बंडी

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायचा धीर झाला नाही म्हणून हे पत्र लिहीत आहे. गणपतीनंतर वाईहून निघताना आईचे शिवणाचे मशीन तेलपाणी करून आणते असे सांगून मी पुण्याला घेऊन आले. तेलपाणी त्याच आठवड्यात झाले, पण मशीन मी संक्रांतीपर्यंत तरी परत पाठवणार नाही. आई, तुझ्या हातातले काम काढून घ्यावे असे माझ्या मनात कधीही नव्हते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला महिनासुद्धा झाला नव्हता आणि तू रात्री दिवा जवळ ओढून सुईत दोरा ओवत बसली होतीस. पायडल मारून गुडघा सुजला तरी बाबांची बंडी पुरी करायचीच म्हणत होतीस. मला दुसरा मार्ग सुचला नाही. ती बंडी आपणच शिवू, असे मी मनाशी ठरवले.

बंडी माझ्या हातून बिघडली, हे आधीच सांगून टाकते. रविवार पेठेतून दोन मीटर मांजरपाट आणला आणि त्याच संध्याकाळी कापायला बसले, कारण रविवारी येताना ती बाबांसाठी आणायची होती. तू कापड रात्रभर भिजवून, सावलीत वाळवून, मगच त्याला कात्री लावायचीस आणि लहानपणी मला तो उगीचचा उशीर वाटायचा. विणताना ताण्याचे, म्हणजे उभे धागे ओढून धरलेले असतात, वरून खळ असते. पाण्यात ते सैल झाले की कापड आटते, आणि उभ्या अंगाने जास्त आटते. 28 इंच लांबीची बंडी पहिल्याच धुण्यात साडेसव्वीस इंचांवर आली.

लांबीचे एक वेळ निभावले असते, पण घेराचे निभावण्यासारखे नव्हते. बाबांच्या छातीचे माप 38 म्हणून मी घेरही नेमका 38 इंचच कापला. अंगालगत घेतलेल्या मापात हालचालीसाठी चार इंच तरी ढिलाई धरायची आणि प्रत्येक शिवणीला दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीपलीकडचे जास्तीचे कापड सोडायचे, हे मला ठाऊकच नव्हते. दोन्ही कुशींच्या शिवणींत दोन इंच गेले, पुढच्या पट्ट्यांच्या दुमडीत आणखी गेले. मुंढ्याच्या वळणावर मायेला बारीक काप द्यायचे राहिले, म्हणून काखेत कापड ताठ ओढले गेले. बाबा, तुमचा जुना सदरा तिच्यावर पसरून पाहिला आणि मला रडू आले. आखडलेल्या खांद्याला त्रास होऊ नये म्हणून पुढून उघडी बंडी योजली होती, आणि तीच त्या खांद्याला काचली असती.

टीप मारतानाही खालच्या बाजूने दोऱ्याची वेटोळी येत होती. मी दोन संध्याकाळी बॉबिन काढत आणि घालत राहिले. चूक वरच्या दोऱ्याची होती, तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलाच नव्हता. त्या वेळी आई, मला तुझ्या मशीनखालची माझी जागा आठवली. तुझ्या पावलांशेजारी दोन्ही हात पायडलवर ठेवून मी बसत असे, आणि चाक उलटे फिरून दोरा तुटला तरी तू मला तिथून कधी उठवले नाहीस. अण्णांच्या बंड्या, माझी पोलकी, सुमामावशीच्या लग्नातली उशांची खोळ, हे सगळे तू स्वयंपाक आटोपून, कुणाला न जाणवू देता शिवलेस. एका बंडीत माझे तीन आठवडे गेले, तेव्हा कुठे ते कष्ट मला कळले.

आता पुढचे ऐका. मी शनिवारचा शिवणवर्ग लावला आहे. बाबांचे माप घ्यायला आपल्या आळीतले शिंपीकाका बुधवारी घरी येतील. त्यांचे पैसे दिलेले आहेत, त्यावरून वाद घालू नका. तोवर पुढून बटणांचे दोन सुती सदरे पाठवत आहे, दोनदा धुऊन मऊ केलेले आहेत. बाबा, दुखरा हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा. व्यायाम एकही दिवस चुकवायचा नाही. आई, डोळ्यांचे थेंब वेळेवर घाल, रात्री सुई हातात धरू नकोस आणि आरामखुर्चीची गादी सैल झाली असेल तर मला सांग, स्वतः उसवायला घेऊ नकोस.

मशीन माझ्या खिडकीपाशी, तुझ्या जुन्या लुगड्याने झाकून ठेवले आहे. त्याची काळजी करू नकोस.

बिघडलेली बंडी सोबत ठेवली आहे. कुठे काय चुकले त्याच्या खडूने खुणा करून ठेव, पण सावकाश, दिवसाच्या उजेडात. रविवारी मी येते, तेव्हा तू खुर्चीत बसून सांग, मी उसवते.

तुमची,
धाकटी