वरच्या डोंगराची सही

प्रिय बाळ्या,

फोनवर हे जमलं नसतं. तू मध्येच 'बघू रे' म्हणतोस आणि विषय तिथेच मरतो. इकडे सगळे बरे, आईचे गुडघे तसेच.

रविवारी बापूकाका तुमच्या वरच्या डोंगराचा सातबारा घेऊन आले. रबरवाली पार्टी तयार आहे, फक्त तुझी आणि सुमाआत्याची सही राहिलीय म्हणाले. आपल्या दोडामार्ग तालुक्यात हे नवं नाही. केरळवाले आले, डोंगर घेतले, जेसीबीने पायऱ्या पाडल्या, रबर नि अननस लावले. पण हा डोंगर आमच्या बागेच्या डोक्यावर आहे. व्हाळ, म्हणजे आपला ओढा, तिथूनच निघतो, आणि पाटाला पाणी त्या व्हाळाचं. तो पाट कुणी फोडला होता ते तुला आठवत असेलच. (तूच. मी अजूनही तेच म्हणतो.)

बाग आता परवडत नाही म्हणतात, त्यात काका अगदीच खोटं बोलत नाहीत. २००२ साली हत्ती तिलारीकडे उतरले, तेव्हापासून माड, पोफळी, केळी, आपण लावलं ते सगळं त्यांच्या आवडीचं निघालं. रबराला ते तोंड लावत नाहीत, असं काकांचं म्हणणं. माडावर चढून नारळ काढणारा पाडेली मिळत नाही, मिळाला तर त्याची मजुरी ऐकून नारळ झाडावरच बरा वाटतो. वर काका हसून म्हणाले, "तुमची बाग म्हंजे वांदरांची खानावळ रे!" मी चहा दिला आणि गप्प बसलो. नंतर रात्रभर उत्तरं सुचत राहिली, ती आता तू ऐक.

मिरी उन्हाळ्याच्या तोंडाशी घरात येते, मग काजू, मग कोकमाचे रातांबे, पावसात जायफळ, दिवाळीनंतर सुपारी, आणि नारळ बारा महिने. २०२५ चा पाऊस मे महिन्यातच कोसळला आणि रातांब्यांची सोलं वाळलीच नाहीत. तोवर मिरी डब्यात होती, म्हणून वर्ष निभावलं. रबराला चीक यायला सहा-सात वर्षं, आणि आला की सगळी मदार एकाच भावावर. २०११ साली किलोला २०० च्या वर गेलेला रबर २०१६ च्या सुरुवातीला १०० च्या खाली आला होता. तेव्हा रबराखाली दुसरं काय उभं होतं की ज्यावर घर चालावं?

आणि जागा काय कमी आहे? दोन माडांत साडेसात मीटर अंतर, मुळं बहुतेक बुंध्याभोवती दोनेक मीटरात. बाकी जमीन मोकळी, वरून ऊनही झिरपतं. रत्नागिरीजवळ भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने नारळात जायफळ, दालचिनी, मिरी बसवून 'लाखी बाग' दाखवली, ती हीच. फक्त हल्ली जायफळाची कलमं मिळतात. तुझ्या आजोबांनी रोपाला वर्षानुवर्षं शेण घातलं आणि शेवटी निघाला नर, म्हणजे फळ नाहीच! म्हातारा त्या झाडाशी मरेपर्यंत बोलला नाही.

डोंगर पडीक ठेव असं मी म्हणत नाही. ऐन, किंजळ ही रानझाडं राहू देत, मध्ये काजू नि कोकम, कडेला माणगा बांबू. बांबूवर हत्ती येईल म्हणशील, येईलच. तरी डोंगर एकदम उघडा पडणार नाही, पाल्याचा पातेरा राहील, पाणी मुरेल. पायऱ्या पाडल्यावर पहिल्या पावसात माती कुठे जाणार, सांग? आमच्या पाटात.

तुला पैसे लागणार हे कळतं. ठाण्याचा हप्ता, चिनूचं कॉलेज. वहिनींची बदली झाली का? कामगार लावून कोकम-काजूचं मी बघतो, उत्पन्न निम्मं-निम्मं. रबरवाल्याएवढी रक्कम पहिल्या दिवशी हातात येणार नाही, हे आधीच सांगतो.

सुमाआत्याकडे आईला पाठवतोय, माझं ती ऐकायची नाही. तोवर काकांनी कागद पाठवले तर सही करू नकोस. चतुर्थीला दोन दिवस आधी ये, डोंगर चढून बघू. पाटाचं भांडण खाली उतरल्यावर.

तुझा,
नाना