रंग निराळा म्हणून साप निराळ्या जातीचा ठरत नाही

महोदय,

परदेशातून चोरून आणलेले साप मुंबई विमानतळावर पकडले गेल्याच्या बातम्या अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. डिसेंबर 2023 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून, बिस्किटांच्या पाकिटांत दडवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक जप्त केले होते. अशा बातमीसोबत पिवळ्याधमक किंवा पांढऱ्या ठिगळांच्या अजगराचे छायाचित्र असते आणि त्याखाली ‘दुर्मीळ प्रजातीचे अजगर’ अशी ओळ असते. अनेक वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलेली शिक्षिका या नात्याने या ओळीबद्दल मला काही सांगायचे आहे.

बॉल पायथन ही पश्चिम व मध्य आफ्रिकेतील एकच जाती आहे. (पाठ्यपुस्तकाच्या परिभाषेत ‘प्रजाती’ हा जातीच्या वरचा गट होय, वृत्तपत्रांतून हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.) घाना, टोगो, बेनिन या देशांत आढळणारा हा साप गडद तपकिरी असतो, त्यावर फिकट बदामी डाग असतात आणि भ्याला की तो डोके आत घेऊन अंगाचा चेंडू करतो. अल्बिनो, पायबॉल्ड, पॅस्टल, स्पायडर या नावांनी विकले जाणारे साप याच जातीचे आहेत. त्यांच्यात फरक असतो तो बहुधा एखाद्या जनुकाचा, आणि या रंगरूपांना पाळणारे ‘मॉर्फ’ म्हणतात. मेंडेलच्या बागेतील जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांचा वाटाणा जसा एकच, तसेच हे आहे.

अल्बिनो बॉल पायथनमध्ये काळे रंगद्रव्य तयार करणारे जनुक काम करत नाही. पिवळे रंगद्रव्य मात्र शाबूत राहते, म्हणून तो पांढराशुभ्र न दिसता पिवळा-पांढरा दिसतो. हे जनुक नेमके कोणते, हे अमेरिकेतील ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी पाळणाऱ्यांकडून मिळालेल्या काती तपासून दाखवले. टाकून दिलेली कात पुरते, सापाला इजा करावी लागत नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

अल्बिनोपण अप्रभावी असते; ते दिसण्यासाठी सदोष जनुकाच्या दोन प्रती लागतात. एकच प्रत असलेला साप दिसायला अगदी साधा असतो आणि बाजारात त्याला ‘हेट’ म्हणतात. असे दोन साप एकत्र आणले, तर प्रत्येक अंड्यातून अल्बिनो निघण्याची शक्यता चारात एक असते, आणि हा हिशोब प्रत्येक अंड्यासाठी नव्याने मांडावा लागतो. म्हणूनच सहा अंडी घातली तरी त्यांतून एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता सुमारे 18 टक्के उरते. जी पिल्ले साधी दिसतात, त्यांच्यावर ‘66 टक्के हेट’ अशी चिठ्ठी लागते. तिचा अर्थ सापात त्या जनुकाचा 66 टक्के अंश आहे असा नसून, अशा तीन पिल्लांमागे सरासरी दोघांत तो दडलेला असतो एवढाच आहे. समोरच्या पिल्लात तो आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. हा भेद न कळल्यामुळे साध्या सापासाठी भरमसाट पैसे मोजले जाण्याची भीती राहते. पॅस्टलचे तसे नसते. तिथे एका प्रतीनेही पिवळा रंग उजळतो आणि दोन प्रतींनी तो आणखी उजळतो.

स्पायडरविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे. बारीक काळ्या रेषांच्या नक्षीमुळे हा साप देखणा दिसतो आणि 1999 पासून त्याची पैदास होत आली आहे. परंतु त्याचे डोके डुलते, तोल जातो, काही साप उलटे होऊन पडतात आणि भक्ष्यावर झडप घालताना त्यांचा नेम चुकतो. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अशा सापांच्या अंतर्कर्णाचे सूक्ष्म चित्रण केले असता, तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकाच विकृत असल्याचे आढळले. जी नक्षी पाहून माणूस हा साप विकत घेतो, तिच्यासोबतच हे व्यंगही येते. नक्षी ठेवून व्यंग काढून टाकणे पैदास करणाऱ्यांना आजवर जमलेले नाही. माझ्या मते अशा सापाची पैदास होऊच नये.

म्हणून ‘दुर्मीळ प्रजाती’ ही ओळ मला खटकते. अल्बिनो किंवा पायबॉल्ड बॉल पायथन हा बंदिवासात वाढवला जाणारा व्यापारी माल आहे, आणि त्याला दुर्मीळ म्हटल्याने विक्रेत्याची जाहिरात आयती होते. कायद्याच्या दृष्टीनेही रंगाने काही बदलत नाही. 2022 मध्ये सुधारलेल्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत बॉल पायथन ही जाती येते आणि तो पाळणाऱ्याला ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते, मग साप तपकिरी असो वा पिवळा. आपल्याकडचा भारतीय अजगर तर पहिल्या अनुसूचीत आहे आणि तो घरी पाळताच येत नाही. दोघांनाही नुसते ‘अजगर’ म्हटल्याने वाचकाचा गोंधळ वाढतो.

यापुढे अशी बातमी देताना ‘बॉल पायथन, अल्बिनो रंगरूप’ असे स्पष्ट लिहावे, आणि छायाचित्रातील साप स्पायडर असेल तर त्याच्या कानातील व्यंगाचा उल्लेख त्याच ओळीत करावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे